भरोसा नाही का, भाऊ?

जुनी गाडी बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. बॉनेट उघडायला सांगितलंत, इथवर ठीक असतं. एक चक्कर मारून बघतो म्हणालात, तरी चालतं. पण "उद्या माझा मेकॅनिक घेऊन येतो, गाडी रॅम्पवर चढवून बघू" असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो. वऱ्हाडात तो म्हणेल, "काहून भाऊ, भरोसा नाही का माह्यावर?" पुण्या-मुंबईत शब्द बदलतील, सूर तोच राहील. आणि बहुतेक वेळा ओशाळतो ते आपणच. "तसं नाही दादा..." असं काहीतरी पुटपुटतो आणि मेकॅनिकचा विषय तिथेच संपतो.

पैसे आपले जाणार, धोका आपण पत्करणार, आणि संकोचही आपल्यालाच. हे नेमकं काय आहे? तपासणी मागणं हा खरंच समोरच्याचा अपमान असतो का? आणि आपण तपासणी केली, तर दोष सांगण्याची विकणाऱ्याची जबाबदारी संपते का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, पण व्यवहारात ते एकमेकांत अडकलेले असतात.

सहाशे किलोमीटर लांबची पोलो

समजा, भातकुलीतला पंचविशीतला एक पोरगा आहे. अमरावतीत नोकरी, चार वर्षांची बचत, आणि डोक्यात एकच गाडी: पोलो जीटी टीएसआय. ही काही खरीखुरी स्पोर्ट्स कार नाही. पण २०१३ साली ती आली तेव्हा १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएसची ताकद आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, असं सगळं एका छोट्या हॅचबॅकमध्ये मिळणं ही आपल्याकडे मोठी गोष्ट होती. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स २०२० मध्ये बदलले आणि २०२२ मध्ये पोलोचं उत्पादनच थांबलं. म्हणजे आता ती हवी असेल तर जुनीच घ्यावी लागते.

त्याला ॲपवर एक सापडते. पुण्यात. फोटो चकाचक, मीटरवर बावन्न हजार किलोमीटर. मालक फोनवर गोड बोलतो. पोरगा रात्रीची ट्रॅव्हल्स पकडतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सहाशे किलोमीटर प्रवास करून, सुट्टी टाकून, मित्रांना स्टेटस दाखवून पोहोचलेला माणूस गाडी तपासायला पोहोचत नाही. गाडी चांगलीच आहे, हे स्वतःला पटवायला तो पोहोचतो. सकाळच्या गारव्यात दहा मिनिटांची चक्कर झकास होते. गिअरबॉक्सच्या मेकॅट्रॉनिक युनिटमध्ये, म्हणजे गिअर बदलायचं काम करणाऱ्या महागड्या भागात, बिघाड सुरू झालेला असला तरी तो दहा मिनिटांत दिसेलच असं नाही. तासभर ट्रॅफिकमध्ये गाडी तापली की कदाचित झटके जाणवतील. किंवा स्कॅनर लावला तर जुने एरर कोड दिसतील.

तपासणाऱ्या माणसाला गाडी बरंच काही सांगते. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. काचांवर बनवल्याच्या वर्षाची खूण असते. चार काचा एका वर्षाच्या आणि एक वेगळ्या वर्षाची असेल, तर ती काच कधीतरी फुटली होती. फेंडरच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा असतील तर फेंडर उघडला गेलाय. दाराची रबर बीडिंग ओढून बघितली की आतले वेल्डिंगचे ठिपके कंपनीचे आहेत की गॅरेजचे, ते कळतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि टोकाला गाळाचा डाग दिसला, तर गाडी पुराच्या पाण्यात बसली असण्याची शक्यता आहे. मीटर मागे फिरवता येतो, पण सर्व्हिसच्या नोंदींशी आकडे जुळवायला विसरणारे पुष्कळ असतात.

यातली एकही गोष्ट माणसाच्या चेहऱ्यावरून कळत नाही. मालक दिलदार असेल, घरी बोलावून चहा पाजेल, त्याची मुलं तुम्हाला काका म्हणतील. टायरवरचं वर्ष तेच राहतं. शिवाय तो स्वतः तिसरा मालक असेल तर पहिल्याने गाडी कुठे ठोकली होती, हे त्याला ठाऊक असेलच असं नाही.

म्हणून मला वाटतं, "भरोसा नाही का?" या प्रश्नात दोन प्रश्न एकत्र कालवले जातात. तू खोटं बोलणार नाहीस, हा एक भरोसा. तुला सगळं माहीत आहे, हा दुसरा. पहिला ठेवूनही दुसरा न ठेवणं यात अपमानाचं काही नाही. उलट, न तपासता घेणारा समोरच्यावर एक ओझं टाकतो. जे त्याला माहीतच नाही त्याचाही जामीन त्याला करतो, आणि सहा महिन्यांनी गिअरबॉक्स गेला की "विश्वासघात केला" म्हणून गावभर सांगतो.

कायद्यातला घोडा

आता दुसरा प्रश्न. समजा, मालकाला दोष माहीत आहे. त्याने आपण होऊन सांगायला हवा का?

१८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय हे सांगताना एका घोड्याची उदाहरणं दिली आहेत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोडा धड नाही हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प बसतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण: घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. आता नात्यामुळे, घोडा धड नाही हे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं सगळ्यात मजेदार आहे. घेणारा म्हणतो, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत, तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन." विकणारा गप्प राहतो. इथे कायदा म्हणतो, हे गप्प राहणं म्हणजे बोलणंच.

कलम १९ आणखी एक पाऊल पुढे जातं. समोरच्याचं मौन फसवं असलं, तरी साधारण दक्षता घेऊन खरं काय ते शोधायचं साधन घेणाऱ्याकडे होतं, तर त्याला करार मोडता येत नाही. थोडक्यात, रॅम्प उपलब्ध होता आणि तुम्ही संकोचाने गाडी चढवली नाहीत, तर तुमची बाजू लंगडी पडते. आपल्या भिडेला कायद्याच्या लेखी किंमत नाही.

पण कायदा जिथे थांबतो तिथे नीती थांबत नाही. हा वाद दोन हजार वर्षांहून जुना आहे. रोमन लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर लिहिलेल्या पुस्तकात तो मांडलाय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी धान्य घेऊन पोहोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्याला माहीत आहे, गिऱ्हाइकांना नाही. त्याने सांगावं का? डायोजेनिस नावाच्या तत्त्वज्ञाचं म्हणणं असं, की कायदा सांगतो तेवढे दोष सांगावेत, खोटं बोलू नये. बाकी न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सगळं सांगायलाच हवं, कारण समोरचाही माणूसच आहे. सिसेरो शिष्याची बाजू घेतो. ज्याला कळणं गरजेचं आहे त्याच्यापासून आपल्या फायद्यासाठी गोष्ट दडवणं, हे त्याला लपवणंच वाटतं.

मला डायोजेनिसचं म्हणणं एकाच ठिकाणी पटतं: दोघं बरोबरीचे असतील तेव्हा. गाड्यांच्या दोन दलालांनी एकमेकांना काय सांगावं ते त्यांचं ते बघतील. पण भातकुलीहून रात्रभर बसून आलेला, पुण्यात एकही गॅरेज ओळखीचं नसलेला पोरगा आणि आठ वर्षं ती गाडी चालवलेला मालक हे बरोबरीचे नाहीत. या दोघांच्या मधल्या मौनाची किंमत एकटा पोरगा मोजतो. कायद्याने मुलीसाठी जो अपवाद केला, तोच नियम म्हणून मोठा करावासा वाटतो: समोरचा जितका लांबचा आणि जितका अजाण, तितकं बोलणं जास्त गरजेचं.

खऱ्या माणसाचं नुकसान

तपासणीचा सगळ्यात मोठा फायदा होतो तो मात्र प्रामाणिक विकणाऱ्याला. १९७० साली जॉर्ज अकेरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन लिहिलेला एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्याला नोबेल मिळालं. मुद्दा सोपा आहे. चांगली गाडी कुठली आणि खराब कुठली हे घेणाऱ्याला ओळखता येत नसेल, तर तो प्रत्येक गाडीला मधलाच भाव देतो. त्या भावात खराब गाडीवाला खूश होतो आणि चांगल्या गाडीवाला म्हणतो, जाऊ द्या, मी विकतच नाही. हळूहळू बाजारात खराबच उरतात.

म्हणजे ज्याने वेळेवर ऑइल बदललं, प्रत्येक बिल फाइलला लावलं, त्याला संशयाचा दंड बसतो. त्यातून त्याला रॅम्पच सोडवू शकतो. अशा माणसाने "भरोसा नाही का?" म्हणण्याऐवजी स्वतःच म्हणावं, "आणा मेकॅनिक."

काटा कोणाच्या हातात?

तरीही तपासून घेणाऱ्याची सल खोटी नसते. ती आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. बाजार समितीत सोयाबीन नेलं की ओलावा मोजण्याचं मशीन लागतं. हमीभावाच्या सरकारी खरेदीला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा. २०२४ च्या हंगामात ओरड झाल्यावर ती १५ पर्यंत सैल केली. मूठभर दाणे आत जातात, एक आकडा येतो आणि वर्षभराच्या मेहनतीचा भाव ठरतो. मोजण्याला कोणाचीच हरकत नसते. भांडण होतं ते मशीन कोणाचं, मूठ कुठल्या पोत्यातून भरली आणि आकडा आपल्याला दाखवला की नुसता सांगितला, यावर.

गाडीलाही हेच लागू करू. मेकॅनिक घेणाऱ्याने आणावा, पैसे त्याने द्यावेत, पण गाडी उघडताना मालक समोर असावा. स्कॅनरची स्क्रीन दोघांनी बघावी. भाव पाडायचा म्हणून "इंजिन खल्लास आहे" असं खोटंच सांगणारा मेकॅनिक घेऊन जाणं, हीसुद्धा फसवणूकच. फक्त दिशा उलटी. आणि तपासणाऱ्याला सौदा जमण्यावर कमिशन मिळत असेल, तर तो तपासणारा नव्हे, तिसरा विकणारा आहे.

भातकुली खारपाण पट्ट्यात येते. इथली काळी माती वरून बघून खालचं पाणी गोडं की खारं, हे सांगता येत नाही. तिथे शेत घेणाऱ्याने पाणी तपासून घेतलं तर त्यात शेतमालकाच्या इज्जतीचा प्रश्न येऊ नये. पाण्याचा प्रश्न पाण्याला विचारलेला असतो.

न घेतलेल्या गाडीचा रिपोर्ट

तर पुढच्या वेळी मालक "भरोसा नाही का?" म्हणाला, तर ओशाळू नका. "तुमच्यावर हाय दादा, म्हणून तर इतक्या लांबून आलो. गाडीले मी अजून ओळखत नाही," एवढं पुरतं. निघण्याआधी कायद्यातला तो घोडाही वापरून बघा. व्हॉट्सॲपवर लिहा: "अपघात, पूर, गिअरबॉक्सचं काम, यातलं काही झालं असेल तर सांगा, सांगितलं नाहीत तर झालं नाही असं समजून येतो." उत्तर आलं नाही, तर ट्रॅव्हल्सचं तिकीट वाचलं.

आणि तपासणीत दोष निघाला, तुम्ही गाडी घेतली नाहीत, तर? बहुतेक जण रिपोर्ट खिशात घालून निघून जातात. माझ्या मते त्याची एक प्रत मालकाला द्यायला हवी. त्याला दोष खरंच माहीत नसेल, तर आता कळेल. माहीत असेल, तर पुढच्या गिऱ्हाइकासमोर "मला काय माहीत" म्हणायची सोय संपेल. तो पुढचा गिऱ्हाईक कदाचित अकोल्याहून किंवा दर्यापूरहून रात्रभर बसून येत असेल, आणि त्याच्याबरोबर मेकॅनिक नसेल.