कानपूरच्या भंगारातली विमानं

चि. धाकटीस,


तू पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. चार इंजिनांचं ते पोटाळं विमान, नाकावर रंगवलेलं ‘विचक्राफ्ट’ हे नाव, आणि त्याखाली तुझा प्रश्न: ‘आजोबा, एवढा पैसा आणि एवढी वर्षं घालून ही जुनी विमानं पुन्हा कशाला उभी करतात?’ दुसरा प्रश्न तू घाईघाईत शेवटी टाकलास. बारावीनंतर विमान देखभालीच्या कोर्सला जावं का? या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच हकिकतीत आहे. फोनवर ती अर्धवट राहिली असती, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू जे विमान पाहिलंस ते बी-24 लिबरेटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अशी 18 हजारांवर विमानं बांधली. मिशिगनमधल्या फोर्डच्या विलो रन कारखान्यातून ऐन भरात तासाला जवळजवळ एक विमान बाहेर पडायचं, आणि तिथे रिव्हेट मारणाऱ्यांत हजारो बायका होत्या, हे तुला मुद्दाम सांगतो. त्याचे पंख लांब आणि अरुंद, टोकापासून टोकापर्यंत 110 फूट. त्यामुळे ते दूर जाऊ शकायचं, समुद्रावर तासन्‌तास राहायचं. बॉम्बकप्प्याची दारं दुकानाच्या शटरसारखी अंगालगत वर सरकायची. पण तुझ्या व्हिडिओत जे सांगितलं नाही ते असं, की हे विमान भारतीय वायुदलाचं होतं आणि कानपूरच्या भंगारातून उठलेलं होतं.

युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिशांच्या वायुदलाने आपली बरीच लिबरेटर कानपूरच्या चकेरी तळावर आणून सोडली. ती अमेरिकेकडून ‘लेंड-लीज’ करारावर आलेली, म्हणजे वापरायला मिळालेली. करार संपल्यावर परत तरी करायची, नाहीतर निकामी करायची. निकामी करायचं ठरलं. काहींना बुलडोझर लावले, इंजिनांत वाळू ओतली, पत्र्याला भोकं पाडली, असं त्या काळच्या माणसांनी सांगून ठेवलंय. पुन्हा कोणी ती उडवू नयेत हाच हेतू होता. मग ती उन्हापावसात पडून राहिली.

1948 साली नव्या स्वतंत्र देशाला लांब पल्ल्याची बॉम्बफेकी विमानं हवी होती. विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टला विचारणा झाली: यातली काही पुन्हा उभी राहतील का? हा कारखाना 1940 मध्ये आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी काढला. युद्धाच्या काळात तो अमेरिकी वायुदलाच्या ताब्यात गेला आणि अमेरिकी विमानांच्या मोठ्या दुरुस्तीचं केंद्र झाला. तिथल्या कामगारांनी कित्येक इंजिनं पार सुटी करून पुन्हा जोडली होती. युद्ध संपल्यावर अमेरिकी निघून गेले, पण ती माणसं आणि त्यांचे हात तिथेच होते.

ही माणसं कानपूरला गेली. एका विमानाचा चांगला पंख, दुसऱ्याचं शाबूत इंजिन, तिसऱ्याची चाकं, असं एकेक निवडून त्यांनी विमान निदान एका उड्डाणापुरतं तयार करायचं, आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते बंगळूरला न्यायचं. जरा डोळ्यांसमोर आण. खाली मध्य भारत आणि दख्खन, आणि तुम्ही बसलाय अशा विमानात, जे मुद्दाम मोडून ठेवलं होतं. बंगळूरला मग ते पूर्ण उघडायचं, तपासायचं आणि वायुदलाच्या हवाली करायचं. अशी चाळिसेक विमानं उभी राहिली. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांच्यावर वायुदलाची पाचवी स्क्वाड्रन उभी झाली. पुढे सहावी स्क्वाड्रन हीच विमानं घेऊन अरबी समुद्रावर टेहळणी करू लागली. तिचा तळ होता आपलं पुण्याचं लोहगाव.

माझं बालपण येरवड्याचं. लिबरेटर घरावरून जाताना खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आम्ही पोरं गच्चीकडे पळायचो. 1968 अखेर ती निवृत्त झाली, त्यामुळे वायुदलात इंजिन फिटर म्हणून भरती झाल्यावर माझ्या हाताला लिबरेटर लागलं नाही. मला मिळालं डाकोटा, वाहतुकीचं विमान. पण इंजिन तेच! प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, चौदा सिलिंडर, सात-सातच्या दोन चकत्या, ताकद 1200 अश्वशक्ती. लिबरेटरला चार, डाकोटाला दोन. तेव्हा या इंजिनाबद्दल मी तुला सांगतोय ते ऐकीव नाही.

याची सकाळ कशी सुरू व्हायची ते सांगतो. सिलिंडर गोलाकार बसवलेले, म्हणजे काही डोकं वर आणि काही डोकं खाली. रात्रभरात तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत उतरतं. तसंच स्टार्टर मारलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो. तेल दाबलं जात नाही, मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. म्हणून आधी पंख्याचं एकेक पातं हाताने ओढून इंजिन फिरवायचं. इग्निशन बंद आहे ना, हे दोनदा बघायचं, खांदा लावायचा, पातं खाली आणायचं, बाजूला व्हायचं, मग दुसऱ्याने पुढचं धरायचं. पातं मध्येच अडलं तर जोर करायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही. खालच्या सिलिंडरांचे प्लग काढायचे, काळं तेल ट्रेमध्ये पडू द्यायचं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. घाईच्या दिवशी हाच नियम सगळ्यात जड वाटतो आणि त्याच दिवशी तो पाळायचा असतो. मग वैमानिक स्टार्टर देतो, पाती सावकाश फिरतात, मॅग्नेटो चालू होतो, एक सिलिंडर पेटतो, मग आणखी एक, मग आणखी एक, निळापांढरा धूर सुटतो आणि सगळे चौदा एका सुरात येतात. या क्षणावर माझं जे प्रेम जडलं ते आजही तसंच आहे.

आता त्या लिबरेटरचं पुढे काय झालं ते ऐक. जगभर ती कधीच वितळवून टाकली गेली होती. संग्रहालयांना जाग आली तेव्हा धडधाकट विमानं उरली होती ती भारतात. 1968 मध्ये एक कॅनडाला गेलं. त्या बदल्यात त्यांनी आपल्याला लायसँडर जातीचं विमान दिलं. 1969 मध्ये एक पुण्याहून उडालं ते थेट अमेरिकेत ॲरिझोनाच्या पिमा संग्रहालयात. 1974 मध्ये एक इंग्लंडला गेलं; ते आता ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयाचं आहे. तू पाहिलेलं विमान 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एका इंग्रज संग्राहकाने घेतलं, सुटं करून इंग्लंडला नेलं, तिथून ते अमेरिकेत गेलं आणि 1989 मध्ये पुन्हा आकाशात चढलं. जगात आज उरलेल्या मोजक्या लिबरेटरपैकी मोठा हिस्सा असा कानपूर-बंगळूरमार्गे आलेला आहे. ज्यांना निकामी ठरवलं तीच टिकली, कारण त्यांना दुरुस्त करणारी माणसं इथे होती.

मला खटकतं ते एवढंच, की नव्या घरी गेल्यावर यातल्या बहुतेकांवर दुसरे रंग चढले. ‘विचक्राफ्ट’ हे युरोपातल्या लढाईत गाजलेल्या एका विमानाचं नाव. त्याच्या आदरापोटी ते या विमानाला दिलं. तो आदर मी समजू शकतो. पण या विमानाची कामाची सगळ्यात जास्त वर्षं भारतात गेली, आणि ती वर्षं रंगाखाली गेली. जुनं विमान उभं करताना त्याचं कोणतं वय दाखवायचं हे ठरवावं लागतं. इतिहास जपतो म्हणणाऱ्याने विमानाचा स्वतःचा इतिहास आधी जपावा, असं माझं ठाम मत आहे.

तू विचारशील, उडवायची की संग्रहालयात ठेवायची? यावर या क्षेत्रातली माणसं वर्षानुवर्षं भांडत आलीत. उडवायचं म्हणजे जीर्ण पत्रा, जुनी वायर, झिजलेले बोल्ट बदलावेच लागतात. मूळ विमान थोडंथोडं कमी होत जातं. शिवाय धोका असतो. 2 ऑक्टोबर 2019 रोजी अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये एक बी-17 कोसळून सात माणसं गेली. तेव्हा ज्या संस्थेकडे तू पाहिलेलं लिबरेटर होतं त्याच संस्थेचं ते विमान. चौकशीत इंजिनांच्या देखभालीतल्या गंभीर त्रुटी बाहेर आल्या. या विमानांवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने तो अहवाल वाचला पाहिजे. माझं उत्तर असं: एखाद्या जातीचं देशातलं शेवटचं विमान उडवू नये. ज्याचे सुटे भाग मिळतात, ज्याची खडान्‌खडा माहिती असलेली माणसं आहेत, ते जरूर उडवावं, आणि प्रवासी जेटला जी शिस्त लावतो तीच त्यालाही लावावी. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1982 रोजी, वयाच्या 78 व्या वर्षी, जुनं लेपर्ड मॉथ स्वतः चालवत कराचीहून जुहूला आणलं आणि पन्नास वर्षांपूर्वीची आपली पहिली टपालफेरी पुन्हा केली. उडणारं जुनं विमान जे दाखवतं ते काचेमागचं दाखवू शकत नाही. आवाज, वास आणि वाऱ्यातली डगमग ही सुद्धा इतिहासाची कागदपत्रं आहेत.

आपल्या वायुदलाकडेही असं एक विमान आहे. ‘परशुराम’ नावाचं डाकोटा, शेपटीवर व्हीपी 905. 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान घेऊन डाकोटा श्रीनगरला उतरली आणि काश्मीर वाचलं. हा क्रमांक त्या दिवसाची आठवण म्हणून दिलाय. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते विमान 2011 मध्ये भंगारातून घेतलं आणि वायुदलाला भेट दिलं. त्यांचे वडील एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर हे डाकोटाचे वैमानिक होते. एप्रिल 2018 मध्ये हे विमान इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून निघालं, युरोप आणि आखात पार करत जामनगरला उतरलं आणि मे महिन्यात हिंडनला रीतसर दाखल झालं.

माझा ऊर अभिमानाने भरून आला. पण एक गोष्ट मनाला लागली. त्याची दुरुस्ती झाली कॉव्हेंट्रीत. ज्या देशाने 1948 मध्ये मोडलेली चाळीस लिबरेटर स्वतः उभी केली, त्या देशाच्या एका डाकोटाला सत्तर वर्षांनी इंग्लंडमध्ये उभं राहावं लागलं. पैसा नव्हता म्हणून नव्हे. आमची पिढी निवृत्त होत गेली, आणि ते काम आमच्याकडून शिकून घ्यायला मागे कोणी उभं नव्हतं. कॉव्हेंट्रीत होतं, कारण तिथे हौशी आणि कारागीर माणसांनी हे काम कधी बंदच पडू दिलं नाही. विमान जपायचं तर ते दुरुस्त करणारा माणूस आधी जपावा लागतो. हेच तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जुनी विमानं उभी करतात, कारण ती उभी करता करता माणसं तयार होतात.

आणि हेच दुसऱ्याचंही. कोर्सला अवश्य जा. डीजीसीएच्या परीक्षा कठीण असतात, प्रत्यक्ष कामाचा अनुभव नोंदवावा लागतो, रात्रपाळी असते, हात तेलकट राहतात. पोट भरेल ते जेट विमानांवर. पण परवान्यात पिस्टन इंजिनांच्या विमानांचा विभाग वेगळा आहे, तोही पुढेमागे कर. रिव्हेटचं काम मनापासून शिक. त्याला दोन माणसं लागतात: एक बाहेरून गन धरतो, दुसरा आतून बकिंग बार टेकवतो. एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ठोक्यांवरून एकमेकांचं ऐकतात. बार तिरका लागला तर रिव्हेटचं डोकं तिरकं बसतं आणि ते काढून पुन्हा मारावं लागतं. कंटाळा करणाऱ्याचं हे काम नव्हे, आणि तू कंटाळा करणाऱ्यातली नाहीस हे मी लहानपणापासून बघतोय.

सुट्टीत दिल्लीला मावशीकडे जाशील तेव्हा पालमचं वायुदल संग्रहालय चुकवू नकोस. तिथे आपल्याकडे उरलेलं लिबरेटर आहे, क्रमांक एचई 924. कॅनडाहून आलेलं लायसँडरही तिथेच आहे. लिबरेटरच्या पोटाखाली उभी राहा आणि रिव्हेटच्या रांगा नीट बघ. नंतर मला लिही, काय काय दिसलं ते.

फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली असेल. भरून टाक. माझ्या टिपणवह्या आणि हत्यारांची पेटी तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. मला जे येतं ते सगळं तुला शिकवायचंय. वेळ काढून पुण्याला ये.

तुझा,
आजोबा