माउली म्हणावे आणि विटाळही मानावा?



चांदोबाच्या लिंबाला पहिले उभे रिंगण झाले, त्या दिवशीची गोष्ट. आमच्या दिंडीतली एक सून पहिल्यांदाच वारीला आली होती, डोक्यावर तुळस घेऊन चालत होती. दुपारी तिने तुळस उतरवली आणि माझ्या कानात सांगितले, "काकू, अडचण आली." पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ती कुणाला न विचारता घेत होती, त्यात दोन दिवस चुकले. मी म्हणाले, "आता मागून चाल. कशाला शिवू नकोस." लहानपणापासून ऐकलेलेच तोंडातून बाहेर पडले.

ती एकटी मागून चालली. आडोसा मिळत नाही म्हणून पाणीही कमी पीत होती. दिवसभर एकच कापड. बरडच्या मुक्कामी तिला ताप भरला आणि मांड्या सोलवटून निघालेल्या दिसल्या, तेव्हा मला माझी लाज वाटली.

हिशेब तर साधा आहे. पाळीचे चक्र साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते आणि आळंदी ते पंढरी चालायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात. म्हणजे वयात असलेल्या बहुतेक बायकांना पाळी वाटेतच गाठणार. मग इतक्या साऱ्याजणी मागे ठेवून आपण कुणाची वारी करतो?

गर्भ राहिला तर त्याला आधार हवा, म्हणून गर्भाशयात दर महिन्याला अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की ते रक्तासह बाहेर पडते. आपण सगळे त्याच अस्तरात रुजलो. ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो, विठ्ठलालाही माउली म्हणतो, भेटेल त्याला माउली म्हणून पाया पडतो; आणि जिच्यामुळे आई होता येते ती गोष्ट आली की त्याच माउलीला दूर बसवतो. विटाळ म्हणजे काय हे जातीने आयुष्यभर सोसलेल्या सोयराबाईंनी देहाच्या विटाळाचा प्रश्न आपल्या अभंगात उघड विचारला. आपण ते अभंग टाळ वाजवून म्हणतो, पण प्रश्नाला उत्तर देत नाही. "रीत आहे" म्हणतो. रीत मीही पाळली, म्हणून हे लिहिताना कुणाला बोल लावत नाही.

गोळ्यांचेही सांगते. ज्यांना रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे त्यांना त्या घातक ठरू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीच घेऊ नयेत, आणि देवासाठी तर नकोतच. पॅड किंवा कापड चार-सहा तासांनी बदलावे. कापड साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावे, ओल्या पिशवीत लपवून नव्हे.

यंदा आमच्या ट्रकमध्ये पॅडचा एक खोका होता आणि तंबूमागे एक जादा दोरी. पहिल्या दिवशी कुणीतरी दोरीवरच्या कापडांवर टॉवेल पसरून ठेवला. मी तो काढला. त्याच्याखाली ऊन कसे लागणार?

ती सून यंदाही आली. वाल्ह्याच्या अलीकडे जवळ येऊन म्हणाली, "काकू, आली."

"पोट दुखतंय?"

"थोडं."

"तुळस जड होतेय का?"

"नाही."

"मग चाल माझ्या पुढे."