मधल्या वर्षांचा जमाखर्च

वैनगंगेच्या पश्चिमेकडील आमच्या वारासिवनीत धानाची रोवणी सुरू झाली, की वर्गातील काही बाके रिकामी पडतात. बहुतेक पुन्हा भरतात. एखादे भरत नाही. मी एका खासगी हायस्कुलात शिकवीत असता नववीतला एक मुलगा असाच गेला. वडिलांनी अंथरूण धरले होते, शुल्कही थकले होते. दोन वर्षांनी तो परतला, तेव्हा कार्यालयाने शपथपत्र मागितले : मधल्या काळात अन्य कोणत्याही संस्थेत मी प्रवेश घेतलेला नाही. मसुदा मीच लिहून दिला. लिहिताना जाणवले, की त्याने काय केले नाही, एवढेच आम्हाला हवे होते. काय केले, हे विचारण्यास कागदावर जागाच नव्हती.

शाळा सोडलेल्या बालकास वयानुरूप वर्गात बसविण्याची तरतूद २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे खरी. परंतु तिची धाव चौदाव्या वर्षापर्यंत, आठवीपर्यंत. पुढे खासगी शाळेत परतणे हे बव्हंशी शाळेच्या मर्जीवर.

अशा वेळी जोतीराव फुल्यांचे उदाहरण हमखास दिले जाते. वडिलांनी शाळेतून काढून त्यांना मळ्यात घातले. पुढे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१मध्ये जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. तीही सरकारी शाळा नव्हे. अवघ्या सात वर्षांनी, १८४८मध्ये, त्यांनी स्वतः मुलींसाठी शाळा काढली. उदाहरण थोर आहे, म्हणूनच मला ते देताना संकोच वाटतो. परतलेल्या मुलाने थोर होऊन आपल्या परतण्याचे समर्थन का करावे? न परतलेल्या जोतीरावांचा हक्क काय कमी ठरला असता?

उलट बाजूने, 'शेत हीच खरी शाळा' असे म्हणून त्या दोन वर्षांना मोठेपणा देणेही मला पटत नाही. असे म्हणणारे बहुधा स्वतःच्या मुलांना चिखलात उतरवीत नाहीत. ती वर्षे त्याच्याकडून घेतली गेली होती. मग त्यांचा हिशेब त्यानेच का द्यावा, हा प्रश्न त्या दिवशी मी कार्यालयात विचारला नाही.

तो आपल्याहून दोन वर्षांनी लहान मुलांत, शेवटच्या बाकावर बसू लागला. थकलेले शुल्क त्याने हप्त्यांनी फेडले. शपथपत्र त्याच्या फायलीत आहे. सही त्याची, अक्षर माझे.