ऊन भाकरी

कित्येक बंधू आम्हांस विचारितात कीं, ख्रिस्ती मनुष्यानें अन्नाची रुचि घ्यावी काय, कीं पोटापुरतें खाऊन उठावें? विचारणारे बहुधा भाविक असतात. अन्नांत मन गुंतलें म्हणजे तें देवापासून दूर जातें, अशी त्यांस भीति वाटते.

या भीतीस शास्त्रांत फारसा आधार नाहीं. आपला प्रभु लोकांच्या घरीं जेवावयास जात असे. त्यामुळें निंदकांनीं त्यास खादाड ठरविलें, तरी त्यानें जाणें सोडिलें नाहीं. नुसतें पोटच भरावयाचें असतें, तर देवानें अंबाडीस आंबटपणा व कारळ्यांस खमंगपणा कशास दिला असता? खादाडपणा निराळा. ज्यास शिळी भाकरी कांदा तोंडीं लावून गोड लागते, तो खचित खादाड नव्हे.

मग काळजी करण्यासारखें कांहींच नाहीं काय? आहे, परंतु ती ताटाकडे पाहून दिसत नाहीं, चुलीकडे पाहावें लागतें.

ज्वारीच्या भाकरीचेंच घ्या. गव्हाच्या कणकेचा चिकटपणा ज्वारीच्या पिठांत नाहीं. म्हणून तें ऊन पाण्यांत भिजवून काठवटींत तळहातानें रगडावें लागतें, आणि तेंही एका वेळीं एकाच भाकरीपुरतें. पीठ जुनें असलें तर त्याची विरी गेलेली असते, व थापतांना भाकरी चिरते. मग तव्यावर टाकणें, वरून पाण्याचा हात फिरविणें, उलटणें, शेवटीं आरावर शेकणें. भाकरी टम्म फुगली म्हणजे पापुद्रा सुटतो. तो पिठल्याबरोबर खाण्यांत जें सुख आहे, तें त्याच क्षणाचें. घटकाभरानें तें राहत नाहीं.

आतां हें सुख मिळतें कोणास? जो पाटावर बसला आहे त्यास. जी थापते तिला कधींच नाहीं. घरधनी उपकारस्तुति करितो, सर्व ‘आमेन’ म्हणतात. धुरांत डोळे पुसणारी तें म्हणाली कीं नाहीं, हें कोणी पाहत नाहीं. सर्वांची जेवणें होऊन ती बसते तेव्हां तळाची खरवड उरलेली असते. (खरवड कित्येकांस आवडते हें आम्हांस ठाऊक आहे, परंतु आवडीनें घेणें निराळें व उरली म्हणून घेणें निराळें.) ज्या घरीं गॅसची शेगडी आली तेथला धूर गेला, क्रम बहुधा तोच राहिला.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायांत, रात्रभर जाळीं टाकून थकलेले शिष्य तिबिर्य समुद्राच्या कांठीं येतात, तों कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, व भाकरी तयार! बोलावणारा व वाढणारा पुनरुत्थित प्रभु स्वतः होता. ज्या हातांस खिळ्यांचे व्रण होते, त्यांनींच त्यानें भाकरी वाढिली. आमचे उपदेशक या अध्यायावर बोलतांना पेत्राच्या तीन उत्तरांविषयीं पुष्कळ सांगतात, विस्तवाविषयीं क्वचित्.

कोणी म्हणेल, तर मग सर्वांनींच निवलेली भाकरी खावी काय? रोज तसें करण्याचें कारण नाहीं. पहिली ऊन भाकरी तिच्या ताटांत पडावी, व ती जेवे तोंवर तव्यापाशीं दुसऱ्यानें बसावें. उलटण्या-शेकण्यास फार कसब लागत नाहीं. थापणें पुरुषांस लवकर साधत नाहीं खरें. पण धाकट्या मुलास आतांच शिकविण्यास हरकत कोणती? आणि ज्या दिवशीं सर्वांनीं मिळून बसावयाचें, त्या दिवशीं भाकऱ्या फडक्यांत गुंडाळून दुरडींत ठेवाव्या. त्या मऊ राहतात; पापुद्रा तेवढा खुसखुशीत राहत नाहीं, इतकेंच.