झोपलेल्यांना विचारलं का?

मंडळी, कॅम्परव्हॅनमधला गॅसचा फ्रिज ज्योतीवर चालतो. तिच्या उष्णतेने अमोनिया पाण्यातून सुटतो आणि पुढे तोच आतला भाग गार करतो. नॉब सोडताच ज्योत विझली, तर बहुधा थर्मोकपल पुरेसं तापलेलं नसतं. थोडा वेळ नॉब दाबून धरायचा. तरी विझली तर?

"टेप लावून टाक ना, आत बाबांचं इन्सुलिन आहे," मित्र म्हणाला. हेतू चांगलाच! पण मग ज्योत विझली तरी गॅस सुरूच राहणार. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. आपला जीव आपण पणाला लावू. मागे झोपलेल्यांची संमती कुठाय? ती गृहीत धरणं मला अहिंसेत बसवता येत नाही, बाबांसाठी असलं तरी.

सिलिंडर बंद केला, बर्फ आणला. इन्सुलिन मात्र बर्फाला टेकवू नका हं, गोठलं की वाया जातं.