मुलं कोणाची?

आत्या लेकीकडे न्यू जर्सीला गेली की तिथल्या वाचनालयातून आमिश या ख्रिस्ती पंथातल्या प्रेमकथांची चळतच घरी आणते. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीतल्या त्यांच्या घोड्याच्या बग्ग्या तिने डोळ्यांनी पाहिल्या आहेत, मी फक्त वाद घालतो. या वेळचं कथानक असं: पंचविशीतली बाई, बिजवराशी लग्न, वर्षभरात तो जातो, पदरात त्याची पहिल्या बायकोपासूनची चार मुलं. शेत सांभाळायला दीर येतो. शेवटी लग्न.

"ही लबाडी आहे," मी म्हटलं. "मुलं सोडवत नाहीत, शेत एकटीने होत नाही. मग लेखिका तिला नेमकी सोयीच्या माणसाच्याच प्रेमात पाडते. पेच सुटतच नाही, झाकला जातो."

"सोयीचं प्रेम खोटं, हे तुला कोणी सांगितलं? घर जाळून केलं तरच खरं?"

"तिला 'नाही' म्हणता आलं पाहिजे, एवढंच."

"येतं की. शेजारी नांगरून देतात, कोठार जळालं तर गाव जमून उभं करतं. शेती-धंदा करणाऱ्या आमिशांना १९६५ साली सोशल सिक्युरिटीतून सूट मिळाली ती याचसाठी: म्हातारे, विधवा मंडळीने पोसायचे, सरकारने नाही."

"म्हणजे जन्मभर गावाच्या उपकाराखाली."

"आणि आपल्याकडे? १८५६च्या कायद्याने विधवेला लग्नाची मुभा दिली, पण लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवर पाणी सोडावं लागे. मुलांचा ताबा मागायला सासरचे कोर्टात जाऊ शकत. तिथे निदान मुलं घेऊन लग्न लागतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही, म्हणून मी मुलांकडे वळलो. "पण ती तिची नाहीतच. उद्या पहिलीच्या आईबापांनी नातवंडं मागितली तर? कोर्टकचेरी करायची नाही ही आमिशांची रीत. ती काय करणार?"

"तूच सांग, काय करावं."

"आमिशांच्याच तत्त्वाने तिने मुलं ठेवावीत. जन्माने कोणी ख्रिस्ती होत नाही, जाणत्या वयात स्वतः वचन देऊन होतो, हा त्यांचा पाया. १५२५ साली झुरिचमध्ये त्यांच्या पूर्वजांनी मोठेपणी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारलं. रक्तापेक्षा वचन मोठं म्हणून माणसं मेली. मग वचनाने झालेली आई रक्ताच्या आजीहून कमी कशी?"

मला हा मुद्दा फार आवडला होता. आत्याने चष्मा काढला.

"वचन कोणाला दिलं होतं?"

"नवऱ्याला."

"तो गेला. मरणाने ते वचन सुटतं, म्हणून तर तिला दुसरं लग्न करता येतं. तिथे घटस्फोट नाही. मुलांना तिने वचन दिलं कधी? आणि मुलांनी तिला? जाणत्या वयाचं एवढं कौतुक, मग नऊ वर्षांच्या पोरीने ही आई मानायची की नाही, हे तिला कोण विचारतं?"

"लहान मुलाला असं कसं विचारणार?"

"मग वचनाचं तत्त्व मुलांच्या घरात चालत नाही, एवढं कबूल कर. तिथे रोज सकाळी वेण्या कोण घालतं तेच चालतं."

"आजीही घालेल."

"घालेल. म्हणून तर हा पेच आहे. दिराने तो सुटत नाही, हे तुझं खरं."

मी जिंकलो म्हणावं, तर ती भलतीकडेच निघाली: बेव्हर्ली लुईसच्या १९९७च्या 'द शनिंग'पासून या कादंबऱ्यांची लाट आली, पण लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुतेक बायका आमिश नाहीतच. स्वतःच्या धावपळीच्या घरात जी निवांत सावत्र आई त्यांना होता येत नाही, ती त्या तिथे बसवतात. यात तथ्य आहे, पण हे आमच्या वादाचं उत्तर नव्हे.

विधवेच्या बाजूने, दिराच्या बाजूने अशा कथा आत्याने ढिगाने वाचल्या आहेत. त्या नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून सांगितलेली तिला अजून मिळालेली नाही. कोणाला मिळाली तर तिला जरूर कळवा.