बीजींची वही

दिल्लीच्या नैर्ऋत्येला द्वारका आहे. तिथल्या एका वसाहतीत एक निवृत्त ड्राफ्ट्समन राहत होते. सारी नोकरी सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात गेली होती. माणसं मूळची सांगलीकडची. शेजारी त्यांना अंकलजी म्हणत, घरात ते तात्या होते.

वसाहतीमागे मोठं उद्यान होतं. अर्धं हिरवळीचं, अर्धं झाडीचं. झाडीत कडुनिंब होते, जांभळं होती, आणि विलायती कीकर, म्हणजे आपली वेडी बाभूळ, माजली होती. हिरवळीवर चेंडू खेळायला मनाई होती. मुलं जिन्यात बसून राहत.

दिवाळीत तात्यांचा नातू पुण्याहून राहायला आला, तो पिशवीभर तबकड्या घेऊनच. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. लांबून तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या टोपलीत घालायची. कमीत कमी फेकींत पोहोचेल तो जिंकला. एड हेड्रिक नावाच्या माणसानं 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात या खेळाचं मैदान आखलं. साखळ्यांची टोपलीही त्यानंच शोधली. साखळ्या तबकडीचा वेग मारतात आणि ती अलगद खाली पडते.

तात्यांना कल्पना पटली. गोल्फला केवढी जमीन लागते आणि किती पाणी लागतं, हे दिल्लीत राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथं एक झाड हलवायचं नव्हतं, गवताला थेंबभर पाणी घालायचं नव्हतं. रीतसर परवानगी काढली. मायापुरीच्या भंगार बाजारातून सायकलच्या रिंगा आणि साखळ्या आणल्या, वेल्डरकडून नऊ टोपल्या करून घेतल्या. तात्यांनी पट्टी लावून नकाशा काढला. कुठून फेकायचं आणि टोपली कुठं, सगळं सरळ रेघांत.

खेळ लागलीच रुजला. चौकीदाराची मुलगी, इस्त्रीवाल्याची मुलं आणि फ्लॅटमधली मुलं एका रांगेत उभी राहू लागली. एका तबकडीवर चौघं खेळत. कुणाला फी नव्हती, कुणाला बूट लागत नव्हते. ही मुलं एरवी एका फाटकातून आतबाहेर करत, पण एकमेकांची नावंही त्यांना ठाऊक नव्हती. मैदानाचं सगळ्यात मोठं बळ हेच होतं.

कडुनिंबाखालच्या बाकावर रोज सकाळी एक पंजाबी आजी येऊन बसत. सगळे त्यांना बीजी म्हणत. त्यांच्या मांडीवर वही असे. खेळ बघत आणि लिहीत.

‘काय लिहिता, बीजी?’ एकदा नातवानं विचारलं.

‘मैदानाच्या उणिवा,’ त्या म्हणाल्या आणि पुन्हा लिहू लागल्या.

नातवाच्या मनाला ते लागलं. बीजींना मैदान नको आहे, असं त्यानं धरून घेतलं. वसाहतीच्या बैठकीत कुणी विचारलं, की तो फक्त चांगलं सांगे. मुलं किती आली, खर्च किती कमी, झाडं कशी जपली. त्यात खोटं काहीच नव्हतं.

जानेवारी आला. एके सकाळी धुकं इतकं दाट होतं की तिसरी टोपली दिसतही नव्हती. एका मुलानं अंदाजानं तबकडी फेकली. ती फिरायच्या वाटेवर गेली आणि एका गृहस्थांच्या कपाळाला लागली. ही तबकडी साध्या फ्रिस्बीपेक्षा जड असते, कडही टणक. टाके घालावे लागले.

दुसऱ्या दिवशी बैठक बसली. टोपल्या उपटून टाका, असंच बहुतेकांचं म्हणणं पडलं. तात्यांनी आठवडाभराची मुदत मागितली आणि संध्याकाळी बीजींचं दार वाजवलं.

‘बीजी, वही मिळेल का?’

‘मिळेल की,’ बीजी म्हणाल्या. ‘पण आधी का नाही मागितलीत?’

तात्या रात्री वही घेऊन बसले. तिसऱ्या टोपलीपाशी तबकडी शेवटी डावीकडे वळते, वाट डावीकडेच आहे. सातवीकडे सकाळी फेकताना ऊन डोळ्यांत येतं. आठवीपाशी कीकरचे काटे, पोरं अनवाणी असतात. चौथीपाशी पाणी साचतं. पाचवीच्या आधी दोन जांभळं फार जवळ आहेत. प्रत्येक नोंदीला जागा होती, वेळ होती.

तात्यांनी नकाशा उलगडला. आपल्या रेघा सरळ होत्या, तबकडी सरळ जात नव्हती. उजव्या हातानं, छातीपासून बाहेर फेकलेली तबकडी वेग ओसरला की डावीकडे झुकते. बाकावर बसून बीजींनी ते पाहिलं होतं. तात्यांनी तिसरीची रेघ उलटी केली. टोपली होती तिथून फेकायचं आणि फेकायच्या जागी टोपली. वाट आता उजवीकडे आली आणि तबकडी तिच्यापासून दूर वळू लागली.

माळ्यानं आठवीजवळची कीकरची झुडपं काढली. धुक्यात खेळायचं नाही, असं ठरलं. पाचवीपाशी नातू म्हणाला, एक फांदी उतरवू. माळी म्हणाला, ‘झाडाचं काय चुकलं?’ दिल्लीत 1994 पासून झाडांचा कायदा आहे, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण माळी कायद्याचं बोलत नव्हता. फांदी राहिली आणि मुलं तिच्याखालून फेकायला शिकली. चौथीचं पाणी आणि सातवीचं ऊन मात्र तसंच राहिलं.

नातवानं मैदानावर जीव लावला आणि म्हणून त्याचे गुण सांगितले. बीजींनीही जीवच लावला होता. जी गोष्ट नकोशी असते, तिच्यापाशी कुणी थंडीत रोज वही घेऊन बसत नाही. गुणांच्या यादीनं मैदान उभं राहिलं होतं, ते वाचलं उणिवांच्या यादीनं.

बैठकीनं टोपल्या ठेवल्या. त्यानंतर पहिल्याच सकाळी बीजींनी नातवाला हाक मारली.

‘चौकीदाराची मुलगी डावखुरी आहे. तिची तबकडी उजवीकडे वळते. म्हणजे आता वाटेवर.’

या वेळी नातवानं वही स्वतः मागून घेतली आणि तिथंच उभ्यानं वाचली. दुपारी तो मायापुरीला गेला आणि दहावी टोपली करून आणली. तिसरीची जुनी जागा डावखुऱ्यांसाठी ठेवली.